क्लिपखालचं पातं

दोघा भावांच्या गॅरेजात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी कधी बोलूनही दाखवला नव्हता. एकाने केलेलं काम दुसऱ्याने तपासायचं नाही. एखादं गिऱ्हाईक शंकेखोर निघालं आणि "तुम्ही पण जरा नजर टाका की," म्हणालं, तरी थोरला जागचा हलायचा नाही. "धाकट्याने केलंय ना? मग झालं," एवढंच म्हणायचा. गिऱ्हाईक मुकाट गाडीत बसायचं.

दोघांचं काम एकच, कमानपाटे. पोलादाच्या लांब पट्ट्या एकीवर एक रचून केलेली ती वाकडी जुडी गाडीचं सगळं ओझं पेलते. ती कडक करायची, नरम करायची, उंच करायची, हे दोघांच्या हातात मुरलेलं होतं. त्यात थोरल्याला चाळिशी उलटल्यावर खूळ लागलं. बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दरवर्षी खडकांवरून गाड्या चढवायची शर्यत व्हायची, तिथे हा आपली जुनी उघडी गाडी घेऊन जायला लागला. मागच्या खेपेला गाडी कलंडली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. सदऱ्याची बटणं कितीतरी दिवस बायको लावून द्यायची. हाड जुळलं आणि गडी पुन्हा तयार.

"या वेळी मागचे पाटे एकदम मोकळे कर," तो धाकट्याला म्हणाला. "क्लिपा ढिल्या ठेव, आत ग्रीस भर. चाक खड्ड्यावर आलं की खालपर्यंत उतरलं पाहिजे. जमीन सोडता कामा नये." आणि पाट्यांच्या टोकांत बसणारे रबरी बुश आणायला बाजारात गेला.

वहिनी चहा घेऊन आली ती त्याच वेळेस. नवरा बाहेर पडायचीच वाट बघत होती, हे सांगायला ज्योतिषी नको. कप टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, हे परत निघालेत."

"हो ना."

"मी सांगून सांगून थकले. गाडी अशी करा की ती चढणारच नाही."

धाकट्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "वहिनी, भलतंच काय बोलताय!"

"मोडा म्हणत नाहीये मी. नुसती चढू नये. चारचौघांत दोनदा फजिती झाली की येतील गुमान घरी." मग आवाज खाली आला. "मागच्या वेळी दवाखान्यात बाहेर बाकावर मी एकटी बसले होते. तुम्ही गाडी सरळ करायला थांबला होतात."

हे खरंच होतं. भाऊ आत टेबलावर आणि हा शहाणा खाणीत चेपलेला पत्रा बघत उभा होता. तो चहा प्यायला, कप परत दिला आणि "बघतो," म्हणाला. "बघतो" म्हणजे काय ते दोघांनाही कळलं.

पाटे एकत्र धरून ठेवायला त्यांच्याभोवती लोखंडी क्लिपा असतात. क्लिप आणि पाटा यांच्यात करवतीचं पातं सरकेल एवढी फट राहिली, तर पाटे एकमेकांवर घसरतात, पंख्यासारखे उघडतात आणि चाक खाली जातं. धाकट्याने क्लिपा हातोड्याने ठोकून गच्च बसवल्या. आत ग्रीस भरलं नाही, बाहेरून मात्र बोटाने फासलं. तुटणार काहीच नाही, फक्त वाकणार नाही, असं तो स्वतःला समजावत होता. हातोडा मारताना दरवेळी दाराकडे बघत होता. आपल्याच गॅरेजात चोरासारखं बघायची ही त्याची पहिलीच वेळ.

थोरला आला. त्याने जुडीवर थाप मारली.

"झालं?"

"झालं."

थोरल्याने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं. नियमाचा त्याला राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

सराव करून बघायला दोघं सकाळी खाणीत गेले. थोरल्याने पट्टा बांधला, दात दाखवून हसला आणि गाडी खडकाला लावली. पुढची चाकं चढली. मागचं डावं चाक खड्ड्यावर आलं आणि खाली उतरायच्या ऐवजी हवेत तरंगत राहिलं, नुसतं गरगर फिरत. गाडी घसरून मागे आली. थोरल्याने पुन्हा लावली, या वेळी जरा जोरात. आणि मग धाकट्याला दिसलं, जे त्याने हिशेबात धरलंच नव्हतं ते. पाटे वाकत नाहीत तेव्हा सगळी गाडीच वाकते. एका बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली, गाडी खडकाच्या दिशेने कलली आणि क्षणभर ती पडायची की नाही हे ठरत नव्हतं.

"दादा! सोड! मागे सोड!" तो ओरडत धावला. धावून काय करणार होता, देव जाणे.

गाडी धाडकन चाकांवर आली. थोरला उतरला आणि एका दगडावर बसला. धाकटा त्याच्यापाशी पोचला. चढणार नाही म्हणजे पडणार नाही, असा हिशेब करणारा तो स्वतःला कमानपाट्यांचा कारागीर म्हणवत होता. भावाला वाचवायला निघाला आणि मारायच्या बेतात आला. आत्ताच सांगावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

तेवढ्यात थोरला आपल्या तळहातांकडे बघत म्हणाला, "माझाच अंदाज चुकतोय रे."

"दादा, गाडी..."

"गाडीला काय झालंय? तू केलीयस." तो हसला, पण सकाळचं ते हसू नव्हतं. "हाड जुळलं, पण हात गेला. चल, तू चालव."

सांगायचं राहून गेलं. परत येताना धाकट्याने गाडी चालवली आणि थोरला शेजारी हात मांडीवर ठेवून बसला.

थोरल्याने शर्यतीतून नाव काढून घेतलं. वहिनीला हवं होतं ते मिळालं, पण त्याबरोबर न मागितलेलंही आलं. थोरला आता गिऱ्हाइकाची गाडीसुद्धा मागे घेईना. "बारक्या, जरा काढ रे बाहेर," म्हणून किल्ली पुढे करायचा. जेवताना पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलायचा. बायकोने विचारलं तर म्हणाला, "सांडेल." तिने धाकट्याकडे बघितलं आणि त्याने ताटात मान घातली.

वहिनीने त्याला ओट्याजवळ गाठलं. "सांगू नका हं. जिवंत आहेत, मला तेवढं पुरे."

"पुरे आहे का खरंच?"

ती तांब्या घासत राहिली. तो आधीच लख्ख होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्यावर थोरल्याने सवयीने गिऱ्हाइकाच्या गाडीची किल्ली पुढे केली. धाकट्याने ती घेतली नाही. भिंतीवरचं करवतीचं पातं काढलं आणि भावाच्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"माझं काम तपास."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तपास दादा. तुझ्या गाडीच्या मागच्या क्लिपा. पाया पडतो."

थोरला आपल्या गाडीखाली शिरला. पातं क्लिपखाली घालून बघितलं. गेलं नाही. दुसऱ्या क्लिपला लावलं, तिथेही नाही. पलीकडच्या बाजूला गेला, तिथेही तेच. पाट्यांच्या मधे नख घालून बघितलं, ते कोरडं निघालं. धाकटा उभ्या जागी रडत होता. वहिनीचं नाव त्याने घेतलं नाही. पण ती दारात येऊन उभी होती. "मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "शिव्या घालायच्या तर मला घाला."

थोरल्याने कुणालाच शिव्या घातल्या नाहीत. तो बाहेर आला, हात पुसले आणि किल्ली घेऊन गिऱ्हाइकाच्या गाडीत बसला. दाराच्या दोन्ही खांबांमधून मागे न बघता, एका झटक्यात गाडी उलटी रस्त्यावर काढली. पूर्वी काढायचा तशीच. उतरून आपले हात उलटेसुलटे करून बघितले. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. भावाचे हात त्याला परत मिळाले होते आणि धाकट्याला वाटलं, सुटलो.

त्या वर्षी थोरला शर्यतीला गेला नाही. का, ते त्याने सांगितलं नाही. दोघांची भांडणं झाली नाहीत, जेवणं एकत्र होत राहिली, चेष्टामस्करीही हळूहळू सुरू झाली.

पुढे एका मालट्रकचे पाटे धाकट्याने बसवले. बोल्ट आवळून तो उठला तर थोरला शेजारी उभा होता. त्याने खिशातून करवतीचं पातं काढलं, वाकला आणि एकेका क्लिपखालून ते सावकाश सरकवलं. सगळीकडे अलगद गेलं.

"बरोबर आहे," थोरला म्हणाला, आणि पातं पुन्हा खिशात ठेवलं.

इतक्या वर्षांत हे त्याने धाकट्याला कधीच म्हटलं नव्हतं.