शेवटच्या बाकावरचा उपवास

"मास्तर आजोबा, नेमक्या आजच्याच दिवशी तुम्ही ख्रिस्तप्रसाद का घेत नाही?"

प्रश्न माझ्या तोंडून आला, पण पैज माझ्या मैत्रिणीची, प्रिन्सीची होती. "वक्तृत्वाची ढाल आणलीस ना? मग विचार की! का शाळेपुरतंच चालतं गं तुझं तोंड?" आणि मी, नववीतली सिल्विया, ढाल मिळाल्यापासून जमिनीच्या दोन बोटं वरून चालणारी, चर्चच्या पायऱ्यांवर, चारचौघींसमोर, विचारून मोकळी झाले.

ऑगस्टची एकवीस तारीख. पावसाने घटकाभर उसंत घेतली होती. केळीच्या पानांवरून ऊन ओघळत होतं, सोन्याच्या धारेसारखं. पानवेलींच्या गर्द मांडवातून हिरवा काळोख डोकावत होता. आणि वसईचं ते धुतलेलं, निळंनितळ, मेघमुक्त आकाश विहिरी-विहिरीत उतरून स्वतःलाच न्याहाळत होतं. इतकी सुंदर सकाळ! इतकी सुंदर, की तिच्यात कुणाचं दुःख असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

आज संत दहाव्या पायसचा सण. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला त्याचंच नाव आहे. वर्गाच्या भिंतीवर त्याची तसबीर, शुभ्रवस्त्र, श्रांतनेत्र, करुणाकोमल. टपाल पोचवणाऱ्या बापाचा आणि शिवण शिवणाऱ्या आईचा हा मुलगा. जोडे झिजू नयेत म्हणून खांद्यावर टाकून अनवाणी शाळेत जायचा म्हणे. पुढे पोप झाला, राजांचे राजे भेटीला आले, पण मनाची माती तीच राहिली: ओली, गरीब, अनवाणी.

आणि त्याने एक दार उघडलं. त्याच्याआधी कितीतरी ठिकाणी लहान मुलांना दहा-दहा, बारा-बारा, चौदा-चौदा वर्षं थांबावं लागे, पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, वेदीवरच्या त्या पवित्र भाकरीसाठी. तो म्हणाला, सातवं वर्ष पुरे. आपल्या रोजच्या भाकरीत आणि त्या भाकरीत फरक आहे एवढं लेकराला कळलं, की पुरे. पांडित्य नको, पाठांतर नको. येऊ द्या त्यांना.

मास्तर आजोबांनी, म्हणजे इनास मास्तरांनी, चाळीस वर्षं तो वर्ग चालवला. एरवी रोजच्या मिस्साला, सकाळच्या उपासनेला, ते पहिल्या बाकावर. फक्त या एका दिवशी शेवटच्या. सगळं देऊळ उठून ख्रिस्तप्रसादासाठी वेदीकडे निघतं, लुगड्यांचे लाल काठ आणि पोरींच्या रिबिनी संथ नदीसारख्या वाहतात; आणि नदी निघून गेल्यावर काठाला उरावा तसा हा एकटा, पांढरा, वाकलेला माणूस.

माझा प्रश्न ऐकून ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बस," म्हणाले. मी बसले. प्रिन्सीचं खिदळणं पायरीवरच विझलं.

"माझी फिलू सात वर्षांची होती. पांढरा झगा शिवून तयार. आणि पोर विश्वासांगीकाराची प्रार्थना म्हणताना एकाच शब्दाला अडायची. रोज. तिथेच. दुसऱ्यांची पोरं अडली तर मी सोडत होतो गं. पण ही मास्तरची पोर! लोक म्हणतील, घरची म्हणून सोडली. मी वर्गात, सगळ्यांसमोर सांगितलं, फिलोमिना, पुढच्या वर्षी."

वारा थांबला होता. केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग ताप. नऊ दिवस. फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन धावत आले, पण तिला पाण्याचा थेंबही गिळवत नव्हता. झगा घातला शेवटी... पण कशाला, ते समजून घे." त्यांनी चष्मा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "तिने एकदा मला विचारलं होतं, बाबा, त्या भाकरीने पोट भरत नाही, मग काय भरतं? अगं, तिला कळलं होतं! त्या पोपला हवं होतं तेवढं सगळं कळलं होतं. त्याने उघडलेलं दार मी त्याच्याच नावाच्या वर्गात आतून लावून घेतलं. तिला मी थांबवलं. म्हणून वर्षातून एक दिवस मीही थांबतो. बावन्न वर्षं झाली."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस विचारलंस. कुणी विचारतच नव्हतं."

बरं कुठलं केलं! मी पैज जिंकले, पण घरी जाताना आधी फादरांच्या दारी वळले. कारण रूथ.

रूथ माझी बहीण. सात वर्षांची, मोगऱ्याच्या कळीएवढी, आणि तोतरी. आमच्या गावात पहिल्या ख्रिस्तप्रसादाला प्रत्येक मूल माइकवर एक ओळ म्हणतं. गेल्याच रविवारी पाहुण्यांची यादी करताना पप्पा म्हणाले होते, "दोनशे माणूस जेवायला येणार. पोरगी माइकपुढे अडली तर हसं होईल." आणि वर्गात मदतनीस असलेली मी, ढालवाली मी, माझ्या त्या गोड, घोटलेल्या, बक्षीसपात्र आवाजात म्हणाले होते, "पुढच्या वर्षी, रूथ."

जेवताना भाकरीचा तुकडा मोडून मला दाखवत ती एवढंच म्हणाली होती, "ही पो-पोटाची. ती ये-येशूची. हो ना, ताई?" मी म्हटलं होतं, नीट बोल.

नीट बोल! दोन शब्द, दोन दगड. सगळ्या वाटेभर ते माझ्याच ओच्यात वाजत राहिले.

ओट्यावर पप्पा आणि मम्मी वाल सोलत बसले होते. मी आत गेले, पेटी उघडली, माझा सात वर्षांपूर्वीचा पांढरा झगा काढला. डांबरगोळीचा वास, घड्यांच्या पिवळट रेघा. अंगणातल्या दोरीवर तो उन्हात टाकला.

"अगं, तो कशाला काढलास?" मम्मीने विचारलं.

"पप्पा, मम्मी, रूथ यंदाच जाणार. डिसेंबरमध्ये. मी वाटेत फादरांना सांगून आले, यादीत नाव घाला म्हणून."

"आणि ती ओळ?" पप्पांच्या हातातला वाल तसाच राहिला.

"तिची ओळ तीच म्हणेल, अडत अडत. जितका वेळ लागेल तितका. मी तिच्याशेजारी उभी राहीन, आणि एक शब्दही पुढे सांगणार नाही. आणि कुणी हसलं ना, तर दोनशे माणसांसमोर हसू देत. पण पुढचं वर्ष म्हणायचं नाही, पप्पा. या घरात पुढचं वर्ष म्हणायचं नाही."

रूथ दोरीखाली येऊन उभी राहिली होती, मान वर करून; आणि वाऱ्याने भरलेला तो रिकामा झगा, उन्हाने उजळलेला, हात पसरलेला, वारा ओसरेल तसा तिच्या उंचीपर्यंत हळूहळू खाली येत होता.