हिटी टलच्या ढिगातली लाल कणसं

हिटी टलच्या अंगणात मक्याचा ढीग घराच्या छपराला टेकला होता आणि सोलायला हात दोनच, तेही तिचेच. केंटकीच्या त्या खोऱ्यात मका म्हणजे भाकरी, मका म्हणजे लापशी आणि मकाच गाईचा चारा. थंडीचा पाऊस लागायच्या आत कणसं सोलून कणगीत गेली नाहीत, तर ती सालीतच कुजणार. मग हिटीपुढे दोनच वाटा. डोंगरापलीकडे भावजयीच्या दारात जाऊन पडायचं, नाहीतर एल्कना ग्रबशी लग्न लावायचं.

एल्कनाला दुसरी वाट पसंत होती. तो शेजारचा, विधुर, चांगला खाऊन पिऊन गबर. त्याचा जीव हिटीवर कमी आणि तिच्या जमिनीतल्या झऱ्यावर जास्त होता. नवरा तापाने गेल्यावर हिटीने तोडलेल्या झाडांच्या खुंटांमधून कुदळीने एकटीने मका लावला, तेव्हा हा कुंपणाला रेलून फुकटचे सल्ले देत होता. आता तो घरोघरी सांगत सुटला होता, "कशाला हात दुखवून घेता? नाताळापर्यंत बाई माझ्याच घरात येणार. मग तिचा मका माझी माणसं सोलतील."

लोकांना ते सोयीचं वाटलं. सोलणी सगळ्यांनी मिळून करायची ही खोऱ्याची रीत होती खरी, पण एल्कनाच्या सोलणीला व्हिस्कीचं पिंप उघडलं होतं आणि हिटीकडे प्यायला झऱ्याचं पाणी. ते शेत तिने हाताला फोड येईस्तोवर खपून उभं केलं होतं. ते सोडायच्या नुसत्या विचाराने तिला रडू फुटायचं.

रडून झाल्यावर ती डॉर्कस मावशीकडे गेली. मावशी खोऱ्यातली सुईण. तिच्या पोटात बातमी राहिली तर तिला अपचन व्हायचं.

"मावशी, कुणाला सांगू नकोस हं," हिटी म्हणाली. "यंदा माझ्या मक्यात लाल कणसं धरलीत. पाच तरी असतील."

"पाच?" मावशीने डोळे विस्फारले. "अगं, अख्ख्या खोऱ्यात मिळून एवढी निघत नाहीत!"

"म्हणून तर म्हणते, बोलू नकोस. पोरं वेडी होतील."

सोलणीत ज्याला लाल कणीस सापडेल त्याने हव्या त्या बाईचा मुका घ्यायचा आणि तिच्या बापाने डोळे वटारायचे नाहीत, हा तिथला कायदा. एरवी पोरीकडे नुसतं बघितलं तरी बाप बंदूक पुसायला बसायचा. शनिवारी दुपारी सगळं खोरं हिटीच्या अंगणात हजर झालं. वाटेत पाच कणसांची बारा झाली होती.

खरं सांगायचं तर हिटीच्या शेतात लाल कणीस औषधालाही नव्हतं. बियाणं पांढरं शुभ्र, तिने स्वतः निवडलेलं.

ढिगावर मधोमध आडवा वासा टाकून दोन बाजू पाडल्या आणि चढाओढ लागली. एल्कनाही आला आणि अगदी पुढे बसून हपापल्यासारखा सोलू लागला. सोललेली कणसं कणगीत पडत होती, सालींचा खच वाढत होता. अर्धा ढीग सरला तरी लाल कणसाचा पत्ता नाही. जेडेडाया नावाच्या दांडग्या पोराने कणीस खाली टाकलं.

"बाई, लाल कणसं कुठायत? का आमच्या तोंडाला पानं पुसताय?"

"आहेत रे, तळाशी आहेत."

"तळाशी कशी बसली? जड असतात काय?"

सगळे हसले. तिघेचौघे कपडे झटकत उठलेसुद्धा. अर्धा मका म्हणजे अर्धा हिवाळा.

तेवढ्यात एल्कना ओरडला, "सापडलं!"

त्याच्या हातात लालभडक कणीस होतं. गेल्या सालचं, वाळून टणक झालेलं, आणि त्याच्या कोटाची बाही अजून विस्कटलेली. घरून आणलं होतं लबाडाने! ही लबाडी बोलून दाखवायची तर आपली आधी कबूल करायला हवी, हे हिटीच्या लख्ख ध्यानात आलं.

"मला हिटीबाईच हवी," एल्कना मिशांवरून हात फिरवत म्हणाला.

बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. अशा मुक्यानंतर विधवेचं ठरलंच म्हणायचं. हिटी मात्र हसत पुढे झाली आणि तिने गाल पुढे केला. "घ्या. रीत ती रीत."

त्याने चांगला आवाज करून मुका घेतला. हिटीने गाल पुसला आणि खच्चून ओरडली, "एक निघालं रे! बाकीची आत आहेत!"

मग काय विचारता! उठलेले परत बसले, बसलेले गुडघ्यावर आले. जेडेडाया तर दातांनी साली ओढत होता. दिवस मावळायच्या आत अंगणात साली उरल्या आणि कणगी दारापर्यंत भरली. उरलेली लाल कणसं कुणीतरी दडवली असणार, असं प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावावर खपवलं. पुढे व्हायोलिन सुरू झाल्यावर पोरापोरींनी कणसावाचूनच आपापलं बघून घेतलं.

एल्कना कणगीपाशी आला. "मग? पाद्रीबुवांना कधी बोलावू?"

"का? कुणी मेलं का?"

"चारचौघांत मुका दिलात, हिटीबाई!"

"तो सोलणीचा. तुम्ही सोललंत, तुम्हाला मिळाला. हिशेब मिटला. माझी कणगी भरली, एल्कना. मी कुठंही जात नाही." इतका आनंद तिला किती दिवसांत झाला नव्हता.

एल्कनाने सालींकडे पाहिलं, कणगीकडे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "त्या ढिगात एकही लाल कणीस नव्हतं!" तो दातओठ खात कुजबुजला.

"एक होतं की. तुमच्या बाहीतलं. सांगू सगळ्यांना?"

तो टोपी घालून वळला.

"अहो, ते कणीस तेवढं ठेवून जा," हिटी म्हणाली. "बियाण्याला घेईन. दरवर्षी खोटं बोलायचं म्हणजे बरं दिसत नाही."