मंगळवारचा वाचक

चिंगीच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं होतं असंही नाही. ते शब्दकोशात ठेवलं होतं. दर दोन-चार दिवसांनी काढायचो, वाचायचो आणि परत त्याच पानात ठेवायचो.

चिंगी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. मी फोनवर अडखळतो हे तिला लहानपणापासून ठाऊक, म्हणून तिने मुद्दाम कागदावर लिहिलं होतं.

‘मामा, मी नोकरी सोडली. आई सांगेलच, वर चार शेलकी विशेषणंही लावेल. सध्या मी गमतीची वेब ॲप्स बनवते. एकात मांजर आहे. आपण लिहायला लागलो की ते अक्षरांवर येऊन बसतं, हुसकलं तरी हलत नाही. एकात उशिरा येण्याची कारणं मिळतात, एकापेक्षा एक अचाट. हे सगळं जावास्क्रिप्टच्या एका फ्रेमवर्कवर उभं केलंय. फ्रेमवर्क म्हणजे तुझं ग्रंथालयातलं कार्डांचं कपाट समज. खण तयार असतात, आपण कार्डं लिहायची. एक कार्ड बदललं तर तेवढंच बदलतं, अख्खं कपाट उपसावं लागत नाही. त्यातलं ग्रंथालयाचं ॲप तू बघ. पत्ता खाली लिहिलाय. बघ आणि खरं सांग, यात काही आहे का, की माझा नुसता पोरखेळ चाललाय? बाकीचे काय म्हणतील ते मला पाठ आहे. तू खोटं बोलत नाहीस.’

खोटं बोलत नाही हे खरं. पण मी मुळात फारसं बोलतच नाही, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

चौतीस वर्षं मी ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसलो. पुस्तक गेलं की तारखेचा शिक्का, आलं की तारखेचा शिक्का. आता मंगळवारी तिथेच पुस्तकं बदलायला जातो. वाचकांसाठी एक कॉम्प्युटर ठेवला आहे. नव्या ग्रंथपालबाईंनी त्यावर चिंगीचा पत्ता टाकून दिला.

पडद्यावर एक टेबल आलं. त्यामागे चित्रातला एक कारकून. माणसं रांगेने येतात आणि पुस्तकं ठेवतात. आपण शिक्का उचलून मारायचा. ठप्प असा आवाज होतो. पुस्तकांची नावंही एकेक: ‘झुरळाचे आत्मचरित्र, खंड दुसरा’, ‘हरवलेल्या मोज्याचा शोध’, ‘शेजाऱ्याशी न बोलण्याचे नियम’. पुस्तक उशिरा आलेलं असलं की कारकून चष्मा शोधत टेबल पालथं घालतो. चष्मा असतो कपाळावर. मग म्हणतो, ‘हरकत नाही. वाचून झालं ना?’

पुस्तक पुरं वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम. त्या दिवशी मी सत्तर शिक्के मारले, तरी रांग संपली नाही. म्हटलं, प्रकरण मोठं दिसतंय, पुढच्या मंगळवारी पुरं करू आणि मग सविस्तर लिहू. पुढच्या मंगळवारीही संपलं नाही. मी वहीत आकडा मांडून ठेवू लागलो.

“काका, निवृत्तीनंतर लोक आराम करतात,” ग्रंथपालबाई म्हणायच्या. “तुमचा ओव्हरटाइम चालूच!”

गेल्या रविवारी ताईचा फोन आला.

“ऐकतोयस ना? की फोन बाजूला ठेवून पुस्तक वाचतोयस?”

“ऐकतोय.”

“सुटले बाई एकदाची. चिंगीला विमा कंपनीत नोकरी लागली. एक तारखेपासून. ते मांजराचं नि शिक्क्यांचं दुकान या महिनाअखेर बंद.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. पुसून टाकणार सगळं. म्हणते, कुणी काळं कुत्रं फिरकत नाही. नाही म्हणायला ग्रंथालयाकडे एक कुणीतरी येतो म्हणे. तिला तिकडून दिसतं. नाव नाही, नुसता वार नि वेळ. दर मंगळवारी अकराला हजर. तासभर शिक्के मारतो नि जातो. त्या एकासाठी वर्षभर चालू ठेवलं होतं येडीनं. परवा म्हणाली, ‘आई, ते यंत्रच असणार. अशी यंत्रं नेटवर आपोआप फिरत असतात. माणूस कशाला एवढे शिक्के मारेल?’ रडली रे थोडी.”

“ताई...”

“काय?”

तो मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काही नाही. तब्येत बरी ना तुझी?”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? तू पोरीच्या पत्राला उत्तर का नाही दिलंस ते सांग. किती वाट बघितली तिनं तुझी!”

फोन ठेवून मी कॅलेंडर पाहिलं. महिनाअखेरीला आठ दिवस उरले होते. मंगळवारी मी अकराच्या आधीच जाऊन बसलो.

“बाई, हे अजून किती बाकी आहे ते कुठे कळतं का हो?”

“कशाचं बाकी?”

“याचं. या महिन्यात संपवायला हवं. मग अभिप्राय द्यायचाय.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “काका, याला शेवट नाहीये. रांग फिरून फिरून येते. तीच पुस्तकं परत येतात, तुमच्या लक्षात नाही आलं?”

“आलं. मला वाटलं, दुसरी प्रत असेल.”

त्यांनी तोंडावर हात धरला, पण हसू काही आवरलं नाही. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

“एक विचारू? हा माणूस तुम्हीच ना?”

“कोण?”

“हा कारकून. बघा ना, चष्मा शोधतोय.”

मला तो नीट दिसेना. चष्मा कुठे ठेवला म्हणून मी टेबल चाचपलं, आणि मग हात आपोआप कपाळाकडे गेला. बाई आता हसत नव्हत्या.

पंचविशीत मी एका मासिकाला कथा पाठवली होती. होकार आला नाही, नकारही आला नाही. दोन वर्षं पोस्टमनची वाट पाहिली, मग लिहिणं सोडलं. त्या संपादकाचा मला फार राग होता. आता वाटलं, कोण जाणे, तोही माझ्यासारखाच असेल. सावकाश पुरी वाचायची म्हणून जपून ठेवली असेल.

त्या दिवशी शिक्के मारले नाहीत. बाईंकडून कागद मागून घेतला. एरवी माझे चार-पाच खर्डे होतात. या वेळी एकच केला.

‘चि. चिंगी, मंगळवारचा तो मीच. यंत्र नाही. पुरं झाल्यावर कळवावं म्हणून थांबलो होतो. ते पुरं होत नसतं, हे आज समजलं. आजवर तीन हजार चारशे बारा पुस्तकं परत घेतली. कंटाळा आला नाही. यात काही आहे. पोरखेळही असेल, पण काही आहे. नोकरी जरूर कर. बाकीचं पुसायचं तर पूस, ते टेबल तेवढं राहू दे. मला पुढच्या मंगळवारी यायचंय. उत्तराला उशीर झाला. मामा.’

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसाने पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“पेटीत टाकलं असतंत तरी चाललं असतं, आजोबा.”

“हो. पण आजच जाईल ना?”

“जाईल.” त्याने शिक्का उचलला. ठप्प.

“जरा बघू?” मी म्हणालो.

त्याने पाकीट काचेला लावून धरलं. तारीख स्वच्छ उठली होती. मी मान हलवली, आणि त्याने पाकीट मागच्या थैलीत टाकलं.