मिल्ड्युराचा तयार कान

डेस प्रिचर्डचा कान तयार आहे, हे अख्ख्या मिल्ड्युरा गावाला मान्य होतं. मान्य नव्हतं ते फक्त त्याच्या बायकोला, लॉर्नाला. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दर महिन्याला एका शनिवारी ध्वनिप्रेमी मंडळ त्यांच्या दिवाणखान्यात भरे. दिवाणखाना कसला, गाभाराच तो! समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि त्यांच्यासमोर मधोमध एकच खुर्ची. खरा आवाज म्हणे तिथेच ऐकू येतो. म्हणून मंडळी दर्शनाच्या रांगेत उभी राहावी तशी उभी राहत आणि पाळी येईपर्यंत लॉर्नानं भाजलेले लोण्याचे स्कोन संपवत. तिच्या आईचं कपाट 'आवाज गिळतं' म्हणून केव्हाच गॅरेजमध्ये गेलं होतं. मंडळाचा नियम मोठा सोवळ्यातला: बिनतारी यंत्राची सावलीसुद्धा पडता कामा नये.

"हवेतून आलेला आवाज म्हणजे सॉसशिवायचा मीट पाय," चिटणीस नेव म्हणे.

"सॉसचं काय घेऊन बसलास, त्यात मटणच नसतं!" असं म्हणून डेस स्वयंपाकघरातल्या लॉर्नाच्या इवल्याशा बिनतारी स्पीकरच्या डब्याकडे नाक मुरडे. त्या डब्यावर ती रोज सकाळी स्तोत्रं लावायची.

त्या वसंतात लिंबं काढताना लॉर्ना शिडीवरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. तिनं हाका मारल्या. डेस खिडकीशीच बसला होता, स्पीकरही बंद होते. अखेर शेजारी कुंपण ओलांडून आला आणि तिला आधार देत घरात घेऊन आला, तेव्हा डेस धावला.

"अगं लॉर्न, हाक नाही का मारायचीस!" तो अगदी कळवळून म्हणाला.

लॉर्ना म्हणाली, "डेस, कान तपासून घे."

"माझे कान? लोक दुकानातून स्पीकर उचलून आणतात ते या कानांना विचारायला! उद्या मी कानात यंत्र लावून बसलो तर नेव काय म्हणेल?"

विषय तिथंच संपला. पुढच्या शनिवारी अ‍ॅथॉल नावाचा मंडळाचा जुना सभासद आपले नवे स्पीकर पारखायला घेऊन आला. नेमका त्याच दिवशी छताला लावलेल्या, धूर झाला की ओरडणाऱ्या भोंग्याचा सेल उतरला आणि तो थोड्या थोड्या वेळानं चिरकायला लागला.

चीं!

डेस खुर्चीत डोळे मिटून बसला होता. "काय नितळ आहे रे! टाचणी पडली तरी ऐकू येईल."

चीं!

"मागची शांतता बघ, शांतता," अ‍ॅथॉल गहिवरला.

चहाचा ट्रे घेऊन आलेली लॉर्ना म्हणाली, "तुम्हाला मध्येच काही चिरकल्यासारखं वाटत नाही?"

"लॉर्ना, सवय लागते कानाला," नेव तिची समजूत काढत म्हणाला. "तुझा तो डबा ऐकून ऐकून असं होतं."

सगळे गेल्यावर लॉर्नानं डेसला भोंग्याखाली उभं केलं. "तो लाल दिवा लुकलुकला की भोंगा ओरडतो. तू नुसता बघत राहा."

दिवा लुकलुकला. लॉर्ना दचकली. डेसला काहीच ऐकू आलं नाही.

तो तिच्याकडे वळला. "लिंबोणीखाली... किती हाका मारल्यास गं?"

"घसा बसेपर्यंत."

दुसऱ्याच आठवड्यात त्याच्या कानांत यंत्रं बसली. ती बिनतारी निघाली, तेव्हा त्या रात्री त्याला घास उतरला नाही. "नेवला कळू देऊ नकोस हं," त्यानं तिला विनवलं.

लॉर्नानं नेवला काही सांगितलं नाही. फक्त रविवारी चर्चच्या चहाला नेवच्या आणि अ‍ॅथॉलच्या बायका भेटल्या, तेव्हा लाल दिव्याची गोष्ट तेवढी बोलता बोलता निघाली.

जानेवारीतला, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातला शनिवार उजाडला. बाहेर द्राक्षं वेलीवरच बेदाणे होतील असं ऊन. डेस लोकरीची टोपी कानांवर ओढून बसला होता. नेव आला तो राखून ठेवलेले चार केस कानांवरून फिरवून. अ‍ॅथॉलनं तर घरात आल्यावरही कानटोपी काढली नाही.

"थंडी वाजतेय का रे?" नेवनं विचारलं.

"जरा वारं लागलंय," घाम पुसत अ‍ॅथॉल म्हणाला.

डेस मधोमधच्या खुर्चीत जाऊन बसला. स्पीकर सुरू झाले. भोंग्याचा उतरलेला जुना सेल लॉर्नानं बदलला होता, पण टाकून दिला नव्हता. आज सकाळीच तिनं तो परत भोंग्यात घातला होता.

चीं!

तिन्ही माना एकदम छताकडे गेल्या. तितक्याच झटक्यात त्या खाली आल्या. कुणी कुणाकडे बघेना.

"मागची शांतता..." अ‍ॅथॉलनं सुरुवात केली आणि कानटोपी आणखी खाली ओढली.

लॉर्ना स्वयंपाकघरात होती, पाठमोरी, नळ चालू. आवाज न चढवता ती म्हणाली, "चहा कुणाला हवाय?"

"मला, लॉर्न!" सगळ्यांच्या आधी डेस ओरडला. मग बाकीचे दोघंही.

लॉर्नानं क्षणभर डोळे मिटून देवाचे आभार मानले, आणि किटलीत आणखी पाणी ओतलं.