खालून सरळ केलेली आठनळी

मी एक जुनी आठनळी आहे, मित्रांनो. हे नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नसेल, तर त्यात तुमची चूक नाही. ते मला एका मुलीनं दिलं आणि तिच्या घराबाहेर कुणाला ठाऊकही नाही. प्लास्टिकच्या आठ नळ्या, त्यांना शेजारी शेजारी उभं धरणारी लाकडी चौकट आणि वाजवायला रबरी चपलांची एक जोडी, एवढाच माझा संसार. नळीच्या तोंडावर चप्पल मारली की आतली हवा दणकते आणि सूर निघतो. हो, चप्पलच. कुणा वाद्याच्या नशिबी नाजूक बोटं येतात, कुणाच्या नशिबी ओठांची फुंकर. मला मात्र एकेका सुरासाठी चारचौघांत चप्पल खावी लागते. लाजेची नि माझी ओळख अशी जन्मापासूनची आहे.

माझं कुळही मिरवण्यासारखं नाही. भिंगरीचे बाबा प्लंबर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं सामान असतं. एका इमारतीच्या सांडपाण्याच्या लाइनीतून जे पाईप उरले, त्यांतून माझा जन्म झाला. पाईप कोरे होते, वापरलेले नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. कुणी विचारत नाही, तरी सांगते.

भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला हेच नाव पडलं. शाळेतल्या संगीताच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं, की नळी जितकी लांब तितका सूर खालचा, आणि आखूड तितका वरचा. झालं! शाळा सुटली की ही पोरगी शेडमध्ये. नळी थोडी लांबच कापायची, चप्पल मारून ऐकायची, स्वतः सूर लावून बघायची आणि मग काचकागदानं घासत घासत तिला सुरात आणायची. एकदा घाईत एक नळी बोटभर जास्त कापली गेली. कापलेलं परत चिकटत नाही म्हणून ती रडली, नाक पुसलं आणि नवा तुकडा घेतला.

अशी मी तयार झाले. वरून माझी तोंडं एका रेषेत होती, कारण तिथे चप्पल मारायची होती. खाली मात्र एक नळी घोट्यापर्यंत, दुसरी गुडघ्यापर्यंत, तिसरी त्याहून वर. बाबांनी जेवता जेवता विचारलं, "तुकडे मिळाले तसे जोडलेस वाटतं?" भिंगरीच्या तोंडात घास होता. ती नुसतं "हं" म्हणाली. मग घास गिळून म्हणाली, "आता नाही हं वाजवून दाखवणार, बाबा. कार्यक्रमातच ऐकायचं!" बाबा दिवसभर कामावर असत, त्यामुळे त्यांनी मला कधी ऐकलं नव्हतंच. मित्रांनो, त्या एका "हं"नं माझा घात केला.

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात भिंगरी एकटी वाजवणार होती. बाईंनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून तिला पाच मिनिटं मिळवून दिली होती. आदल्या दिवशी सरावासाठी बाबा मला खांद्यावर घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. अंगावर कामाचेच कपडे होते. तिथे एका मुलाचे काका उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, "काय हो, शाळेचा संडास तुंबला वाटतं?" आजूबाजूचे सगळे हसले. बाबाही हसले. भिंगरी मात्र आपल्या बुटांकडे बघत राहिली, आणि ते बाबांनी पाहिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी दोघांच्या माना खाली गेल्या होत्या.

सराव संपेपर्यंत बाबा फाटकाबाहेरच थांबले. मग त्यांनी मला शेडमध्ये आणलं आणि दार लावून घेतलं. भिंगरी बाहेरून म्हणाली, "काय करताय?"

"आत यायचं नाही. तू तुझं गाणं लपवलंस ना? मग मीही लपवणार."

तिला वाटलं, चौकटीचे स्क्रू आवळताहेत. ती उड्या मारत निघून गेली.

बाबांच्या कामाची ख्याती होती. त्यांनी बसवलेली लाइन कुठे केसभरही तिरकी दिसायची नाही. त्यांनी मला आडवं केलं, सगळ्यात आखूड नळीपाशी पट्टी धरली, सरळ रेघ मारली आणि करवत घेतली. कापताना ते माझ्याशी बोलत होते, "उद्या कुणाची टाप आहे हसायची!" मी ओरडले असते, मित्रांनो. पण मारल्याशिवाय मला आवाज फुटत नाही, आणि बाबांचा हात तर फार मायेनं फिरत होता. शेवटी त्यांनी मला सोनेरी रंग दिला. इतकी सुंदर मी आयुष्यात कधी दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळूनच त्यांनी मला रंगमंचावर नेऊन ठेवलं. चादर निघाली तेव्हा भिंगरी समोर होती. सोनेरी रंग पाहून ती खुदकन हसली. मग तिची नजर खाली गेली. माझ्या आठही नळ्या आता एकाच मापाच्या होत्या. आठ नळ्या, सूर एक.

विंगेतून बाई हळूच म्हणाल्या, "अगं, हे काय झालं? थांबवू का?"

भिंगरीनं प्रेक्षकांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, फोन उंच धरून बसले होते. तोंडभर हसत होते. तिनं मान हलवली आणि चपला उचलल्या.

तिनं पूर्ण गाणं वाजवलं. कुठलाही सूर न चुकता, योग्य त्या नळीवर, योग्य त्या वेळी. आणि माझ्यातून येत होतं तेच ते, टप, टप, टप. आधी कुजबुज झाली, मग हशा. कुणीतरी ओरडलं, "अगं, गाणं सुरू कर की!" त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं, असं वाटलं. भिंगरीचे कान लाल झाले होते, पण शेवटापर्यंत ती वाजवतच राहिली. टाळ्या वाजवल्या त्या फक्त बाबांनी आणि बाईंनी.

घरी येताना बाबा म्हणाले, "छान वाजवलंस. गाणं ओळखू नाही आलं मला. नवीन होतं का?"

"हो. नवीन होतं," भिंगरी म्हणाली.

मला शेडमध्ये ठेवताना बाबांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि पहिल्या नळीवर मारली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. हात थांबला. कोपऱ्यात पडलेले कापलेले तुकडे त्यांनी उचलले आणि एकेक माझ्या खाली धरून बघितले. मग ते तिथेच, त्या तुकड्यांत, खाली बसले. तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी आरसा नव्हते म्हणून बरं.

सकाळी भिंगरी आली तेव्हा त्यांनी मला सॉकेट, म्हणजे दोन पाईप जोडायच्या जाड कड्या, लावून नवे, लांब तुकडे जोडले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

बाबांनी करवतीच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कुठं कापायचं ते तू सांग. माझ्या मनानं मी केसभरही कापणार नाही."

ती वाजवायची, मान हलवायची, ते कापायचे. सुरात आणता आणता दुपार झाली. मग तिनं त्यांना ते गाणं ऐकवलं. ते खाली बघून ऐकत होते.

मात्र जे हसले त्यांनी ते गाणं कधीच ऐकलं नाही. माझ्या दोन नळ्या तर जोडामुळे आजही किंचित बेसूर आहेत. भिंगरी "चालतंय" म्हणाली, पण मला कळतं. सॉकेटच्या गाठींमुळे मी सुजल्या गुडघ्यांच्या म्हातारीसारखी दिसते. भिंगरी आता मोठी होऊन परगावी गेली आहे, आणि मी शेडमध्ये धूळ खात उभी आहे. येणारं गिऱ्हाईक विचारतं, हे काय? बाबा सांगतात, "मुलीनं केलेलं वाद्य आहे. मी बिघडवलं होतं." पुढे आपणच ते दुरुस्त केलं, हे ते कुणालाही सांगत नाहीत. दर वेळी मला लाज वाटते आणि दर वेळी त्यांच्याबद्दल माया दाटून येते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. एवढंच करा. तुमच्या माणसानं केलेली एखादी वेडीवाकडी वस्तू नीट करावीशी वाटली, तर करवत हातात घेण्याआधी त्याला ती एकदा वाजवून दाखवायला सांगा.