अंगठ्याचं नख

भुसा ओला निघाला तेव्हा करवत बुंध्यात निम्म्याहून आत गेली होती. नख्याने मशीन बंद केलं आणि चिमूटभर भुसा तळहातावर घेतला. झाड जिवंत होतं.

रस्त्याकडेची वाळलेली झाडं तोडणं हे त्याचं काम. तोडण्याआधी अंगठ्याच्या नखाने साल खरवडून बघायची. खाली तपकिरी दिसलं तर करवत लावायची, हिरवं दिसलं तर झाडाला हात लावायचा नाही. त्यासाठी ते एक नख त्याने जन्मभर वाढवलं होतं, आणि सगळे त्याला नख्या म्हणत ते त्यावरूनच. बायकोला ते नख डोळ्यांसमोर नको असायचं. "अहो, नखं कापा," हे तिचं रोजचं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणं हे त्याचं.

आज तो खरवडायलाच विसरला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन बायको दवाखान्यात निपचित पडली होती आणि संध्याकाळी डॉक्टरीणबाई शेवटचं तपासणार होत्या. त्याचं लक्ष सकाळपासून तिथेच.

अर्धवट कापलेलं झाड कुणाच्या तरी डोक्यात पडेल, म्हणून मुकादमाने ते पुरं पाडायला सांगितलं. बरोबरच होतं त्याचं. नख्याने कापलं. पण आजच्याच दिवशी हे आपल्या हातून व्हावं, हे काही त्याच्या मनातून जाईना.

संध्याकाळी बाईंनी बायकोच्या तळपायावर एका दांडीच्या टोकाने टाचेपासून वर रेघ ओढली. खरवडून बघायची ही रीत त्याची स्वतःचीच होती. पाय हलला नाही. दुसराही नाही. श्वास तिचा ती घेते आहे, पण यापुढे आमच्या हातात काही नाही, घरी न्या, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. मुलगी भिंतीला टेकून रडली. नख्याने अंगठा मुठीत लपवला.

घरी मुलगी नळीतून आईला पातळ अन्न द्यायची, कूस बदलायची. नख्या बायकोशी बोलत बसायचा. दिवसभराचं सगळं सांगायचा, फक्त ते झाड सोडून. एकदा मुलगी म्हणाली, "बाबा, आई या देहात नाही आता. कशाला मनाची समजूत घालताय?"

बायकोच्या पायाला नख लावून बघायची त्याची हिंमत होत नव्हती. लावलं आणि काहीच हललं नाही तर मग आशा कशावर धरायची?

कामावर जाताना तो वाट वाकडी करून त्या झाडाच्या बुडख्यापाशी जायचा आणि आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतायचा. देवापुढे त्याने कधी हात जोडले नव्हते, पण इथे मान आपोआप खाली जायची. गड्यांनी त्याची भरपूर टर उडवली. उद्या ऑफिसातल्या खुर्च्यांनाही घालशील पाणी, म्हणाले. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतायचा.

आणि एका सकाळी, साल आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत, तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब दिसला. नख्या तिथेच मातीत बसला. आनंद झाला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण आता घरी जाऊन बघणं टाळता येणार नव्हतं.

त्या संध्याकाळी तो बायकोच्या पायथ्याशी बसला. मुलगी ओल्या फडक्याने आईचं तोंड पुसत होती. त्याने नख टाचेला टेकवलं आणि वर ओढलं.

काही नाही.

त्याने पुन्हा टेकवलं, अगदी हळू ओढलं. पाय आखडला. एवढासाच, पण अंग चोरल्यासारखा मागे गेला. मुलीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आईचे ओठ एका बाजूने वाकडे झाले, बराच वेळ नुसतेच हलले.

"न... खं."

मुलगी रडतरडतच कपाट धुंडाळायला लागली. नख्याने तिच्या हातातून नेलकटर घेतलं आणि आपल्या एकेका बोटाचं नख कापलं. अंगठ्यापाशी येऊन थांबला, वर बघितलं. बायकोचा एक डोळा उघडा होता आणि त्याच्या हाताकडे लागलेला होता.

त्याने तेही कापलं. उद्यापासून साल खरवडायला घरून चाकू न्यावा लागणार होता.