पाच टाळ्या

क्युबातल्या सान्तियागोच्या त्या अंगणात रविवारचा नाच रंगला होता. एउसेबिया आजी आपल्या गेलेल्या नवऱ्याचं संथ गाणं म्हणत होती. अशा वेळी बोंगोवाल्याने गाणाऱ्याच्या मागे गुमान चालायचं असतं. पण समोर राजधानी हवानाहून आलेले पाहुणे बसले होते आणि एवारिस्तोचे हात शिवशिवले. त्याने बोंगोवर असा काही धुमाकूळ घातला की आजीचे शब्द बुडाले, नाचणारी म्हातारी जोडपी अडखळून थांबली.

तेवढ्यात टाळ्या पडल्या. एवारिस्तो फुशारला, मान लववून हसलासुद्धा.

मग त्याने त्या टाळ्या नीट ऐकल्या. आधी तीन, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. गाण्याचा मूळ ताल होता तो. भरकटलेल्या वादकाला इथले लोक असंच बोटाला धरून परत आणतात. त्याचे कान तापले. बोंगो मुकाट्याने जागेवर आला.

"आलास का बाबा?" आजी माईकवरूनच म्हणाली, "मग मी पहिल्यापासून म्हणते."

सगळं अंगण हसलं. एवारिस्तोने चोरून पाहुण्यांकडे पाहिलं. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या तेच वाजवत होते.